घरपोच औषध, पण घर कुणाचं?



डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो फोनवरून पाठवायचा आणि गोळ्या दारात घ्यायच्या, ही गोष्ट आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. विटा, तासगाव, कोरेगाव, फलटण, सगळीकडे पाठीवर मोठी पिशवी अडकवलेला मोटारसायकलवाला मुलगा दिसतो. त्या पिशवीत साड्या असतात, चार्जर असतात आणि बीपीच्या, साखरेच्या, थायरॉइडच्या गोळ्याही असतात. या अंकाची जुळवाजुळव चालू असताना काहीजणींनी विचारलं, यावर संपादकीय कशाला? हा विषय ग्राहक पंचायतीचा. बाईचा इथे काय संबंध?

संबंध असा. औषध बाईच्या पोटात जातं, पण चिठ्ठी, पैसे, फोन आणि दार या चारही गोष्टी बहुतेक घरांत दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असतात. दुकानात किंवा दवाखान्यात जाताना निदान वाटेत तरी ती एकटी असते. घरपोच सेवा या चारही गोष्टी एका उंबऱ्यात आणून ठेवते. मग तो उंबरा कुणाचा, हे विचारणं आपलं काम ठरतं.

आधी या सोयीत जे खरं आहे ते मान्य करू. चळवळीतल्या आपल्याला नव्या गोष्टीकडे संशयानं बघायची सवय आहे. ती बऱ्याचदा उपयोगी पडते, पण तिच्यामुळे दुसऱ्या बाईचे हाल आपल्याला दिसेनासे होऊ नयेत. पाटणच्या किंवा जावळीच्या डोंगरातल्या बाईला महिन्याच्या गोळ्या आणायच्या म्हणजे एक अख्खा दिवस मोडतो. सकाळची एस.टी. चुकली तर वडाप, आणि वडाप भरेपर्यंत फाट्यावर उभं राहायचं. शिवसागराच्या पलीकडच्या गावांना तर आधी बामणोली किंवा तापोळ्यापर्यंत लाँच. भाडं वेगळं, रोजगाराचा खाडा वेगळा. गोळ्यांपेक्षा त्या आणायचा खर्च जास्त. याचा परिणाम सगळ्याजणी जाणतो. रोजची गोळी दिवसाआड होते, मग ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद होते. घरातल्या पुरुषाची गोळी संपली तर कुणीतरी गाडी काढतं. बाईची संपली तर पुढच्या बाजाराला बघू, असं ती स्वतःच म्हणते.

सातारा जिल्ह्यातल्या या डोंगरी गावांचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माथाडीत, गोदीत, गिरणीत गेले. गावं मनीऑर्डरवर चालली. आता मनीऑर्डर गेली. तिच्या जागी मुंबईतला मुलगा रात्री जेवण झाल्यावर आईच्या गोळ्या फोनवरून मागवतो आणि त्या तीन-चार दिवसांत गावच्या पत्त्यावर येतात. या मुलाला नावं ठेवायची नाहीत. आईच्या औषधाची आठवण ठेवणारे मुलगे आपल्याला हवेच आहेत.

आणखी एक सोय आहे, ती उघडपणे कुणी बोलत नाही. गावातला मेडिकलवाला हा बहुतेक भावकीतला, नाहीतर नवऱ्याचा मित्र. त्याच्या काउंटरवर पाळी पुढे ढकलायची गोळी मागायची, गर्भनिरोधकं मागायची, अंगावरून जातंय म्हणून डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी पुढे करायची, आणि शेजारी उभ्या असलेल्या चार पुरुषांसमोर ती त्यानं मोठ्यानं वाचायची! पॅडसुद्धा अजून वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून दिले जातात, जणू बाईनं काही चोरून नेलंय. तातडीची गर्भनिरोधक गोळी २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते, पण किती तरुण मुलींची ती आपल्या गावच्या दुकानात मागायची छाती होते? अशा मुलीला अनोळखी कंपनीचं बंद पाकीट म्हणजे सुटका वाटली तर त्यात नवल नाही.

हे सगळं खरं धरून पुढे जाऊ.

आता फोनकडे या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायकांचं प्रमाण ३३.३ टक्के निघालं, पुरुषांचं ५७.१ टक्के. स्वतः वापरायचा स्वतःचा मोबाइल असलेल्या बायका जेमतेम निम्म्या. त्यानंतर फोन वाढले हे खरं, पण ‘घरात फोन आहे’ आणि ‘माझा फोन आहे’ यात जे अंतर आहे ते आपल्या बैठकांमध्ये रोज दिसतं. बचत गटाच्या यादीत बाईच्या नावापुढे नंबर नवऱ्याचा असतो. मुलाच्या फोनवर अ‍ॅप, मुलाच्या नावाचं खातं, पैसे भरायचे ते त्याच्या बँकेतून. ओटीपी त्याला येतो. पार्सल कुठवर आलं ते त्याला कळतं. ‘गोळ्या संपत आल्या, पुन्हा मागवायच्या का?’ हा प्रश्नही अ‍ॅप त्यालाच विचारतं. ज्या बाईच्या गोळ्या, तिला यातलं काहीच विचारलं जात नाही. सहा महिन्यांनी तिला विचारा की कशाची गोळी खातेस, तर ती म्हणते, ‘पांढरी सकाळची, पिवळी रात्रीची. बाकी पोराला ठाऊक.’

बीपीच्या गोळ्यांपुरतं हे चालून जाईल. पण सगळी औषधं घरात सगळ्यांसमोर उघडता येण्यासारखी नसतात. मनाच्या आजाराच्या गोळ्या घेणारी सून घ्या. क्षयरोगाची औषधं लपवणारी नवी नवरी घ्या. दोन मुलींनंतर सासूला न सांगता गर्भनिरोधक गोळ्या घेणारी बाई घ्या. दारात पार्सल येतं तेव्हा ती रानात असते. घेतं कोण? सासू, दीर, नाहीतर शेजारीण. वर नाव सुनेचं असलं तरी आपल्याकडे सुनेचं पार्सल उघडायला कुणी तिची परवानगी घेत नाही. आत बिल असतं, त्यावर गोळीचं नाव छापलेलं असतं, आणि घरातला शाळकरी मुलगाही ते नाव फोनवर टाकून कशाची गोळी ते सांगू शकतो. मेडिकलवाल्यापासून लपवलेली गोष्ट अशी थेट माजघरात पोचते.

सांगली-मिरजेच्या बाजूला ‘मिरजेला जाणं’ म्हणजे दवाखान्याला जाणं. १८९४ साली वानलेस डॉक्टरांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं तेव्हापासून, कर्नाटकातल्या गावांपासून इकडे माणदेशापर्यंतची माणसं औषधपाण्याला मिरजेला येतात. बाईच्या दृष्टीनं या फेरीला आणखी एक अर्थ होता. महिन्यातून एकदा घराबाहेर पडायचं ते एक न विचारता येणारं कारण होतं. रांगेत दुसरी बाई भेटायची. ‘तुला पण हीच गोळी? मला तर यानं पित्त होतं’ एवढं बोलणं व्हायचं, आणि त्या बोलण्यातून कितीतरी बायकांना आपण एकट्या नाही हे कळलं. कितीजणी आपल्या संघटनेत आल्या त्या दवाखान्याच्या बाकावरच्या ओळखीनंच. औषध घरी आलं की ‘आता बाहेर कशाला जायचंय?’ हा प्रश्न मागोमाग येतो. मी दवाखान्याच्या रांगेचं कौतुक करत नाही. चार-चार तास उभं राहून पाय सुजतात. पण ती रांग मोडताना बाईचं बाहेर पडणंही मोडत असेल तर ते हिशेबात धरायला नको का?

एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या बायकांकडून या बाबतीत खूप शिकण्यासारखं आहे, आणि ते शिकायला आपल्याला लांब जायला नको. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’नं आणि १९९६ पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषदेनं जे काम केलं त्याचा गाभाच हा होता, की निरोध असो, माहिती असो की दवाखान्यापर्यंतची सोबत असो, ती द्यायची त्याच वस्तीतल्या बाईनं. वाटप करणारी स्वतः तेच आयुष्य जगणारी, म्हणून कुणाच्या दारात केव्हा जायचं, कुणाला बाहेर बोलवून द्यायचं, कुणाच्या गिऱ्हाइकासमोर तोंड उघडायचं नाही, हे तिला सांगावं लागत नाही. कोविडच्या टाळेबंदीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेनं एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या द्यायची आणि समुदायातल्या माणसांमार्फत त्या पोचवायची मुभा दिली. २०१७ चा एच.आय.व्ही. कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, आणि कुणाचीही लागण तिच्या संमतीशिवाय उघड करायची नाही असं तो सांगतो. हा नियम इतर आजारांच्या पार्सलला कुणी लावलाय? पोचवणं हे नुसतं पिनकोडचं काम नसतं, त्यात बाईची बाजू कळणारं माणूस लागतं, हे सांगलीतल्या बायकांनी कुठल्याही अ‍ॅपच्या आधी करून दाखवलेलं आहे.

आता ज्या गोळीबद्दल बोलायला सगळे कचरतात तिच्याबद्दल. गर्भपाताची गोळी.

१९७१ च्या कायद्यानं गर्भपाताला परवानगी दिली. २०२१ ची दुरुस्ती त्याच वर्षी २४ सप्टेंबरला लागू झाली आणि त्यानंतर नऊ आठवड्यांपर्यंतचा गर्भ पात्र डॉक्टरच्या सल्ल्यानं गोळ्यांनी पाडता येतो. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्यानं कधीच मागितलेली नाही, ती दवाखाने आपल्या सोयीसाठी मागतात. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीतून अविवाहित बाईला वगळता येणार नाही. बाईचं नाव गुप्त ठेवायची जबाबदारीही कायद्यानं डॉक्टरवर टाकलेली आहे. कागदावर इतकं सगळं आहे. आणि आपल्या दोन जिल्ह्यांत चिठ्ठी हातात घेऊन दुकानं पालथी घालणाऱ्या बाईला ऐकू काय येतं? ‘आम्ही ते ठेवत नाही.’

का ठेवत नाहीत, याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला, बेकायदा गर्भपातात एका तरुण बाईचा जीव गेल्यानंतर, १९ भ्रूणांचे अवशेष पुरलेले सापडले. त्याआधी २०१२ मध्ये परळीचं प्रकरण झालं होतं. आपण सगळ्याजणी तेव्हा रस्त्यावर होतो आणि बरोबरच होतो. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ८५१ मुली निघाल्या, तो आकडा आपण विसरलेलो नाही. पण सरकारी कारवाई सगळ्यात सोप्या ठिकाणी जाऊन पडली. गोळ्यांच्या नोंदी, तपासण्या, नोटिसा यांचा ससेमिरा दुकानदारांमागे लागला. परळीनंतर राज्यभर तो सुरू झालाच होता, म्हैसाळनंतर आपल्याकडे तो घट्ट झाला. दुकानदारांनी डोक्याला ताप नको म्हणून गोळ्या ठेवणंच सोडलं. आता नीट विचार करा. गोळी चालते नऊ आठवड्यांपर्यंत. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी ते दिसतं त्याच्या बऱ्याच नंतर. मुलगी म्हणून पाडले जाणारे गर्भ गोळीच्या मुदतीबाहेरचे असतात. म्हणजे गोळी बंद केल्यानं एकही मुलगी वाचत नाही. फक्त पाळी चुकलेली बाई लवकर आणि सुरक्षित मार्गानं मोकळी व्हायची ती उशिरा आणि धोक्याच्या मार्गानं होते. म्हैसाळसारख्या ठिकाणांना गिऱ्हाईक असंच मिळतं.

जे दुकानात मिळत नाही ते फोनवर शोधलं जातं. चिठ्ठीशिवाय, डॉक्टरशिवाय, कितव्या आठवड्यात काय चालतं याचा पत्ता नसताना, रोख पैसे देऊन हे पाकीट येतं. २०२२ मध्ये आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका बड्या कंपनीविरुद्ध याच कारणानं गुन्हा नोंदवला. कारवाई झाली हे ठीक. पण त्या पाकिटाची वाट बघणारी बाई पुढे कुठे गेली, हे गुन्ह्याच्या कागदात नसतं. तिला रक्तस्राव थांबेना झाला तर ती कुणाला फोन करणार? पाकिटावरचा नंबर लागत नाही. गर्भ नळीत असेल तर गोळीनं तो पडत नाही आणि नळी फुटून जीव जाऊ शकतो, हे तिला कोण सांगणार?

इंग्लंडमध्ये मार्च २०२० मध्ये, साथीच्या काळात, दहा आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या गोळ्या टपालानं घरी पाठवायला सुरुवात झाली, आणि २०२२ मध्ये ती सोय कायमची झाली. तिथे आधी नर्स किंवा डॉक्टर फोनवर बोलतात, आठवडे मोजतात, धोक्याच्या खुणा विचारतात, शंका आली तर बोलावून घेतात, आणि नंतरही बोलायला माणूस असतो. हा सगळा सरकारी आरोग्यसेवेचा भाग असतो. गोळी पोचवणारा पोस्टमनच आहे, पण त्याच्यामागे यंत्रणा उभी आहे. आपल्याकडे पोस्टमन आला, यंत्रणा आलीच नाही.

टपालानं औषध येणं हे आपल्याला नवं नाही, हेही जाताजाता सांगायला हवं. साप्ताहिकांच्या शेवटच्या पानांवर व्ही.पी.नं मिळणाऱ्या औषधांच्या जाहिराती आपल्या आज्या-आयांच्या काळापासून आहेत. हमखास मूल होण्याचं औषध, पाळी आणण्याचं औषध, पुरुषांसाठीची तर विचारूच नका. या फसवणुकीला आळा घालायला १९५४ मध्ये जादूच्या उपायांच्या जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. त्या कायद्यानं भोंदूंच्या जाहिरातींबरोबर गर्भनिरोधाच्या आणि पाळीच्या औषधांच्या जाहिरातीही एकाच माळेत ओवल्या. बाईच्या शरीराची गरज आणि लबाडी या दोन गोष्टी कायदा करणाऱ्यांना तेव्हा वेगळ्या करता आल्या नाहीत. त्याच्या कितीतरी आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून लोकांच्या प्रश्नांना उघडपणे उत्तरं दिली. पत्रातून विचारणाऱ्याला शरम वाटू न देता उत्तर द्यायचं, ही गोष्ट आजच्या एखाद्या तरी अ‍ॅपला जमते का, बघा.

ऑनलाइन विक्रीचा कायदा म्हणाल तर तो अजून लोंबकळतोच आहे. औषधांचा मूळ कायदा १९४० चा, नियम १९४५ चे. नोंदणी झालेल्या डॉक्टरची चिठ्ठी, परवाना असलेलं दुकान, समोर फार्मासिस्ट, अशी त्यांची रचना. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रानं ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा मसुदा काढला. त्याच सप्टेंबरात औषध दुकानदारांनी देशभर बंद पाळला. डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं परवान्याशिवाय ऑनलाइन विक्रीला मनाई केली. मसुदा मसुदाच राहिला आणि विक्री मात्र वाढत गेली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत केंद्रानं वेगळा आदेश काढून परवानाधारक दुकानांना त्याच जिल्ह्यातल्या पत्त्यावर औषध पोचवायला परवानगी दिली. याच्या आडोशानं मोठ्या कंपन्या धंदा करतात, असं दुकानदारांच्या संघटनेचं म्हणणं आहे.

या भांडणात आपण कुणाच्या बाजूनं? मला विचाराल तर कुणाच्याच नाही. दुकानदार म्हणतात, ऑनलाइनमुळे चिठ्ठीशिवाय औषधं जातील. आणि काउंटरवरून काय जात होतं? १९८० च्या दशकात गर्भ राहिला की नाही हे बघायला म्हणून जास्त मात्रेच्या ईपी गोळ्या याच काउंटरवरून सर्रास विकल्या जात होत्या, आणि त्यानं पोटातल्या बाळाला व्यंग येण्याचा धोका होता. स्त्री संघटना आणि आरोग्य चळवळीतली माणसं त्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढली. १९८२ मध्ये बंदी आली, कंपन्या कोर्टात गेल्या, आणि त्या गोळ्यांवरची बंदी पक्की व्हायला १९८८ उजाडलं. त्या लढ्यात दुकानदारांची संघटना आपल्या बरोबर मोर्चात होती असं काही आठवत नाही! दुसरीकडे कंपन्या म्हणतात, आम्ही वीस टक्के सूट देतो. चिठ्ठी नसली तर काही अ‍ॅपवर त्यांचाच डॉक्टर दोन मिनिटं फोनवर बोलून चिठ्ठी देतो. विकणाराच लिहिणारा झाला, तर ‘तुम्हाला या गोळीची गरज नाही’ असं तो कधी म्हणेल?

नको असलेल्या गोळ्यांचा हा प्रश्न सातारा जिल्ह्यात फार पूर्वी मांडला गेलेला आहे. डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधांचा पुरवठा आणि वापर यांचा अभ्यास सातारा जिल्ह्यात केला आणि त्याचा अहवाल १९९५ मध्ये आला. चिठ्ठ्यांमध्ये अनावश्यक औषधं आणि इंजेक्शनं भरपूर, आणि सरकारी आरोग्य केंद्रात मात्र गरजेची औषधं अपुरी, असं चित्र त्यातून पुढे आलं. तेव्हा अ‍ॅप नव्हतं. चुकीची चिठ्ठी बाईला निदान पैशाअभावी अर्धीच घेता यायची. आता ती चिठ्ठी एकदा फोनमध्ये गेली की महिन्यामागून महिना त्याच गोळ्या आपोआप येत राहतात. गुडघेदुखीची गोळी वर्षभर खाऊन मूत्रपिंडं बिघडवून घेणाऱ्या बायका आपण पाहिल्यात. घरपोच सेवेनं त्यांच्या गोळ्या कधी चुकणार नाहीत, एवढंच.

याच सातारा जिल्ह्यात दुसरी वाटही चालून बघितली गेली. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या शेवटी सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांमध्ये सातारा होता. ठरलेल्या दोन-तीन स्वस्त गोळ्या, प्रत्येक वेळी रक्तदाब मोजायचा, कार्डावर नोंद, न आलेल्या माणसाची चौकशी, आणि महिन्याची गोळी शक्य तितकी घराजवळच्या उपकेंद्रात. यातली कुठलीच गोष्ट मोठी नाही, पण गोळी आणि मोजणं यांची फारकत इथे होत नाही. टाळेबंदीत या उपक्रमाच्या राज्यांमध्ये आरोग्यसेविकांनी आणि आशांनी घरी जाऊन गोळ्या दिल्या. हीसुद्धा घरपोच सेवाच. फरक असा की दारात उभी असणारी आशा ‘पाय सुजलेत का गं?’ असं विचारते. आणि तिला सूनबाईशी परसात चार शब्द बोलता येतात.

अर्थात आशाच्या डोक्यावर आणखी एक ओझं, तेही फुकट, असा याचा अर्थ आपण होऊ द्यायचा नाही. पार्सलवाल्या मुलाला पार्सलमागे पैसे मिळतात, तेही तुटपुंजे, तो वेगळा लढा. आशानं दहा घरी गोळ्या पोचवल्या तर तिला मोबदला ‘सेवाभावा’चा. औषध पोचवणं हे काम आहे आणि कामाला दाम हवा.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये उपचार मोफत आहेत. म्हणजे ज्या गोळीसाठी बाईनं एक पैसाही द्यायला नको, ती गोळी सवलतीत मिळाली म्हणून ती खूश होतेय! आरोग्य केंद्रात ‘बाहेरून आणा’ म्हणून चिठ्ठी मिळते तेव्हा ती चिठ्ठी तशीच अ‍ॅपवर चढवण्याआधी, औषध का नाही हे लेखी मागायला हवं. नाहीतर केंद्रातलं रिकामं कपाट कुणाला कधी दिसणारच नाही. बायका मुकाट्यानं फोनवरून भागवून घेतील, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्या मुकाट्यानं मरतील.

आणि ज्यांना पत्ताच नाही त्यांचं काय? ऊस गळीताच्या हंगामात बीडकडून आणि आपल्या जतकडूनही तोडकऱ्यांच्या टोळ्या सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर येतात. फडाच्या कडेला कोप्या, आज या गावच्या शिवारात तर पंधरा दिवसांनी दुसऱ्या. पार्सलवाल्याला काय सांगायचं, अमक्याच्या उसाशेजारी तिसरी कोपी? या बायकांचं अंगावरचं दुखणं, पाळीचे त्रास आणि त्यातून काढल्या गेलेल्या गर्भपिशव्या २०१९ मध्ये राज्यभर गाजल्या. त्यांच्या गोळ्यांचा प्रश्न कुठल्याही कंपनीच्या नकाशावर नाही. तो सुटेल तर फडावर जाणाऱ्या फिरत्या दवाखान्यानं आणि एका जिल्ह्याचं कार्ड दुसऱ्या जिल्ह्यात चालल्यानं. जत तालुक्याच्या पूर्वेला बायका कन्नड बोलतात, हेही त्या नकाशावर नाही. अ‍ॅप मराठीतच धड बोलत नाही. २०१५ च्या फार्मसी नियमांप्रमाणे औषध देताना फार्मासिस्टनं ते कसं घ्यायचं हे रुग्णाला समजावून सांगायचं असतं. फोनवर ते कोण, कुठल्या भाषेत सांगतं?

घरपोच औषधाला विरोध करा, असं या अंकातून आम्ही म्हणणार नाही. ज्या बाईला त्याचा उपयोग होतो तिनं ते जरूर घ्यावं, पण डोळसपणे. खातं शक्यतो तिच्या नावाचं आणि नंबर तिचा हवा. मूळ चिठ्ठी तिच्या ट्रंकेत राहावी, फोटो फोनमध्ये. पार्सल आल्यावर गोळीचं नाव, मात्रा आणि मुदतीची तारीख चिठ्ठीशी जुळवून बघायची. वाचता येत नसेल तर गटातल्या दुसरीकडून. इन्सुलिन दोन ते आठ अंश थंडाव्यात राहायला लागतं, एप्रिलच्या उन्हात जत-आटपाडीपर्यंत मोटारसायकलवरून आलेलं घेऊ नये, जवळच्या दुकानातल्या फ्रिजमधलं घ्यावं. पुराच्या दिवसांत, २०१९ आणि २०२१ ला कृष्णाकाठानं पाहिलं तसं, रस्ते बंद झाले की पार्सलवालाही येत नाही, म्हणून पावसाळ्याआधी पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या असू द्याव्यात. आणि चिठ्ठी सहा महिन्यांपूर्वीची असेल तर आधी डॉक्टर, मग पार्सल.

मागायचं ते सरकारकडे मागायचं आहे. औषध कुठे घ्यायचं, घरी, उपकेंद्रात, पोस्टात की गावातल्या दुकानात, हे ज्या बाईचं औषध तिनं ठरवायचं. पाकिटाच्या बाहेर आणि वरच्या बिलावर औषधाचं नाव नको. बाईचा आजार कंपनीनं जाहिरातीसाठी कुणाला विकू नये. आणि नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या गोळ्या प्रत्येक तालुक्यात निदान सरकारी रुग्णालयात तरी बाराही महिने असल्या पाहिजेत, न विचारता, न ओरडता, नवऱ्याची सही न मागता मिळाल्या पाहिजेत. या शेवटच्या मागणीसाठी दोन्ही जिल्ह्यांच्या शल्यचिकित्सकांना आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयांना निवेदन द्यायचं ठरतं आहे.

निवेदनासोबत नुसता संताप जोडून उपयोग नाही, माहिती लागते. ती तुमच्याकडे आहे. प्रत्येक गटानं आपल्या भागातल्या तीन गोष्टी लिहून पाठवाव्यात. आरोग्य केंद्रात गेल्या तीन महिन्यांत कुठली औषधं ‘बाहेरून आणा’ म्हणून सांगितली. तालुक्याच्या गावात गर्भपाताच्या गोळ्या चिठ्ठीवर कुठे मिळतात, मिळतात का. आणि गटातल्या किती बायकांची औषधं फोनवरून येतात, फोन कुणाचा, पार्सल कोण उघडतं. बायकांची नावं लिहू नका, गावाचं नाव पुरे. चिठ्ठीची झेरॉक्स जोडणार असाल तर नाव, वय आणि फोन नंबर काळ्या शाईनं खोडून मगच जोडा. पुढच्या अंकाची छपाई दिवाळीनंतर आहे, तेव्हा त्याआधी पत्रं आमच्याकडे पोचू द्या.